बांधावर नेलेली बालवाडी

आधी चहा घ्या. ही गोष्ट कोरड्या घशाने मला सांगवत नाही, कारण यातला गाढवपणा सगळा माझा आहे आणि तो एका अख्ख्या गावाने पाहिलेला आहे.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. खेड्यापाड्यांत नव्या बालवाड्या निघत होत्या आणि मी नागपूरहून प्रशिक्षण घेऊन पोंभुर्ण्याकडच्या एका गावात बालवाडीची बाई म्हणून गेले होते. नवरा जंगल खात्यात, तिकडे धानोऱ्याला. महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. माझ्याजवळ अडीच वर्षांची आमची शालू. चावडीशेजारची कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची एक खोली, पटावर अकरा मुलं, आणि त्यांना सांभाळायला मी एकटी.

प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं, मुलांसमोर बाईने कपाळाला आठी घालायची नाही, सदा हसतमुख राहायचं. सांगणारे कोण? ज्यांनी जन्मात एका पोराचं नाक पुसलं नाही असे पुरुष. अहो, अकरा पोरं एकदम भोकाड पसरतात तेव्हा हसून बघा कधी! एक चावतंय, एक चड्डी ओली करून उभं आहे, एक माझ्या वेणीला लोंबकळतंय, आणि मी आपली हसतेय. संध्याकाळी गाल दुखायचे माझे.

आणि शालूचं काय? तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "तुमचं मूल पटावर नको. लोक म्हणतील, बाईने स्वतःच्या पोरीसाठीच बालवाडी उघडली." मग तिला ठेवू कुठे? साहेबांच्या टेबलाच्या खणात? मी तिला घेऊन यायचेच, पण पटावर तिचं नाव नव्हतं.

इथवर मी सगळं सोसलं. पण धानाची रोवणी सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. बालवाडी सुटायची एक वाजता, आणि रोवणीला गेलेल्या आया उगवायच्या दिवेलागणीला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले आठ दिवस.

नवव्या दिवशी शालूला ताप आला. इतर पोरांनी तुडवू नये म्हणून मी तिला कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणामागे गोधडीवर निजवलं. एक वाजला की हिला घरी नेते, काढा पाजते, मांडीवर घेऊन बसते, असं सकाळपासून दहा वेळा मनाशी म्हटलं. एक वाजला. दोन वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसत बसलेय आणि माझी लेक तिकडे तापाने फणफणतेय. सांगा, कुणाचा जीव जळणार नाही?

म्हटलं, आज सोक्षमोक्षच लावते. अकराही पोरं ओळीत उभी केली, एकमेकांच्या सदऱ्याची टोकं धरायला लावली. पट काखेत मारला, दाराला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोवली आणि तरातरा शेताकडे निघाले.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. पटावरची अकरा मोजली आणि चालू लागले. ज्या पोरीसाठी एवढी चिडले होते, तीच मागे राहिली होती.

शेतात गुडघाभर चिखलात वीसेक बाया ओळीने वाकून रोपं लावत होत्या. मी बांधावर उभी राहिले आणि तोंड सोडलं.

"लाज वाटते का कुणाला? पोरं जन्माला घालायची आणि बाईच्या गळ्यात बांधून मोकळं व्हायचं? आया आहात की कोण आहात तुम्ही?"

एकीचाही हात थांबला नाही. ओळीच्या टोकाला भागरथाबाई होती, सगळ्या बायांची म्होरकी. तिचा लहानगा माझ्याकडेच असायचा. ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "मास्तरीनबाई, काऊन तापून राह्यल्या? पऱ्हे उपटले का थे आजच लावा लागते. उद्यापर्यंत वाळून जाते."

"रोपं वाळू नयेत, आणि पोरं वाळली तर चालतील?"

"पोट्टे तुमच्यापाशी हायेत ना बाई. म्हणून त आमचे हात चालून राह्यले इथी."

ही काय स्तुती झाली? मी आणखीच पेटले. तोवर पोरांनी सदरे सोडून चिखलात उड्या घेतल्या होत्या. दोन मिनिटांत कोण कुणाचं ते ओळखू येईना. एका बाईने जवळ आलेल्या पोराला पदराखाली घेतलं. ते तिचं नव्हतंच, तिचं दुसरीच्या अंगावर पीत होतं. कुणालाच त्याचं काही नाही. मला मात्र शिस्तीचा झटका आला. हजेरी घेऊन एकेक पोर ज्याच्या त्याच्या ताब्यात देणार, असं म्हणत मी पट उघडला, पाऊल पुढे टाकलं आणि थेट चिखलात बसले. अंगावर पांढरं लुगडं. बाया खदखदून हसल्या. मी तिथेच बसून अकरा नावं पुकारली.

"झाली अकरा," मी ठसक्यात म्हटलं. "आता मी चालले माझ्या आजारी पोरीकडे."

"तापात हाये का शालू?" भागरथाबाई पहिल्यांदाच सरळ उभी राहिली. "मंग कोनापाशी ठेवलं तिले?"

माझा हात कमरेला गेला. किल्ली नव्हती.

"कुठी हाये शालू, बाई?"

"कुलपात," मी म्हटलं.

माझ्या एवढ्या आरडाओरड्याने न हललेली ती ओळ त्या एका शब्दाने मोडली. हातातल्या रोपांच्या जुड्या टाकून, पोरं कडेवर मारून वीसच्या वीस बाया गावाकडे धावल्या. मी सगळ्यांत मागे, एक चप्पल चिखलात, मोठ्याने रडत. चिखलात किल्ली शोधायला कोण थांबतंय? मी पोचले तोवर भागरथाबाई छपरावर चढून कवेलू काढून फेकत होती. ती आत उतरली आणि तिने शालूला वर उचलून छपरावर चढलेल्या बायांच्या हातात दिलं.

शालू घामाने निथळत होती. ताप उतरलेला, आणि झोपमोड झाली म्हणून बाईसाहेब वैतागलेल्या. तिला बाकी काहीच कळलं नव्हतं. मी तिला कवटाळून पायरीवर बसले. वाटलं, आता या बाया मला फाडून खाणार. खायलाच हवं होतं. मी त्यांना काय काय बोलले होते.

भागरथाबाई छपरावरून खाली उतरली आणि तिने हात झटकले. "चला वं, पऱ्हे वाळून राह्यले." मग एकीच्या कडेवरचा आपला पोरगा घेऊन तिने माझ्या शेजारी बसवला. "पोट्टे ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, बाई." बाकीच्यांनीही आपापली पोरं माझ्याभोवती ठेवली. ज्या बाईने घटकाभरापूर्वी स्वतःची पोर कोंडून घातली होती, तिच्या हवाली!

त्या परत आल्या तेव्हा घरोघरी कंदील लागून गेले होते. आजचा उशीर माझ्यापायी झाला होता, तेव्हा बोलायची सोयच नव्हती. एकेकीने शालूच्या कपाळाला हात लावून पाहिला, आपलं पोर उचललं आणि गेली. निदान एकीने तरी म्हणावं की नाही, "तू कसली गं आई?" नाही म्हणाली कुणी. तेही काम शेवटी माझ्याच अंगावर पडलं.