तू सांग, मी येते

लेकीच्या हेल्मेटच्या काचेला मी एकदा बोटभर कुंकू फासलं होतं. खंडेनवमी होती, तिच्या हेलिकॉप्टरच्या पूजेला आम्हा घरच्यांनाही बोलावलेलं. शस्त्राला टिळा लावतात, एवढंच मला ठाऊक. पायलटला बाहेरचं दिसेनासं झालं की त्याच काचेवर उंची, वेग आणि क्षितिजाची हिरवी रेघ उमटते, हे कोणाला माहीत! लेक किंचाळली, मी वर तिलाच दटावलं. तेव्हा मी साठीची अल्लड पोर होते. देवसुद्धा मला विचारून चालतो, अशी माझी समजूत.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी ती जंगलपट्ट्यातून एका रोग्याला घेऊन नागपूरकडे निघाली आणि धुकं उतरलं. इथे नागपुरात, हुडकेश्वरला आमच्या ओट्यावरून फाटक दिसेना. तिच्या हवाई तळावर फोन केला, तर "अजून पोचल्या नाहीत," एवढंच उत्तर. तेवढ्यात शेजारीण आली. "पोरीच्या जातीले आभाळात काहून धाडलं वं? भोग आता."

"आभाळ तुह्या सासऱ्यानं बांधलं काय? जाय, माह्यासाठी चहा ठेव!"

तिला पिटाळलं आणि देवघरासमोर ठाण मांडलं. हात जोडलेच नाहीत. गणपतीला ठणकावलं, "पोरगी खाली येईस्तोवर ना फूल, ना नैवेद्य. बस उपाशी." वर सूचना चालूच: वारा सोड, धुकं फाड, तिला नदीवरून आण. बाईची अक्कल पाहा! शेवटी घसा बसला, सूचनाही संपल्या. "तुले जमल तसं आण," एवढंच तोंडून निघालं आणि रडू फुटलं.

फोन वाजला तो त्यानंतर. ती उतरली होती, रोगी जिवंत होता. कोणी काहीही म्हणो, मी त्या मूर्तीपुढे लोटांगण घातलं. जगाशी मी अजूनही भांडते आणि लेक अजूनही उडते. देवाला रस्ता सांगणं तेवढं सोडलं.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. धुक्यातून हेलिकॉप्टर कसं आणलंस गं, विचारलं. चपला काढता काढता म्हणाली, "आई, बाहेर नुसतं पांढरं. मान वळवावी तिकडं काचेवरची ती हिरवी रेघ डोळ्यापुढं. माझं अंग सांगून राहिलं होतं का आपण डावीकडं कलंडलो, अन् रेघ म्हणे सरळ हाय. अंगाचं ऐकलं असतं तर गेलो असतो सारे. खालचे दिवे दिसेस्तोवर मी रेघेले एकच म्हणून राहिली होती, तू सांग, मी येते."