पहिल्या मिनिटाचा पैलवान

पहिल्या मिनिटात आमच्या मेव्हण्याला हरवील असा माणूस या पृथ्वीतलावर अजून जन्माला यायचा आहे. दुसऱ्या मिनिटात मात्र त्याला आमच्या बेळगावच्या वडगावातलं कोणतंही मांजर हरवू शकतं, आणि त्यासाठी मांजराने फार कष्ट घ्यायचीही गरज नाही, फक्त समोर बसून वाट बघायची. हा आमच्या हिचा धाकटा भाऊ. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत वाढला, तालमीच्या लाल मातीत लोळला, आणि एके दिवशी मोबाईलवर कुठली तरी परदेशी माणसं जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकांना बुकलताना बघून त्याला साक्षात्कार झाला की आपला जन्म यासाठीच आहे. या खेळाला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात. त्यात ठोसे असतात, लाथा असतात, कुस्ती असते, गळा आवळणं असतं. थोडक्यात, निपाणी स्टँडवर बसच्या दारात जे चालतं तेच सगळं, फक्त चड्डीवर. हे शिकवणारी जिम बेळगावात होती, म्हणून स्वारी आमच्याकडे मुक्कामाला आली. "चारच महिने, दाजी," म्हणाला होता. मी अर्थातच विश्वास ठेवला नाही, आणि तो चार वर्षं राहिला.

देवाने त्याला शरीर देताना हात अगदी सैल सोडला होता. दारातून तो आत आला की घरात अंधार होतो. पण दम द्यायची वेळ आली तेव्हा देव बहुधा जेवायला गेला असावा. आमचा साड्यांच्या मागांचा छोटा कारखाना आहे, माग वरच्या मजल्यावर. सुताने भरलेला बीम, म्हणजे मागाचा जाडजूड रूळ, वर चढवायचा म्हणजे दोन माणसं लागतात. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात याने आमच्या दोन्ही कामगारांना बाजूला सारलं, "सरका, बायकांगत काय करतायसा," म्हणत बीम एकट्याने खांद्यावर मारला आणि धडाधडा जिना चढून वर नेऊन ठेवला. कामगार बघतच राहिले. नंतरही ते बघतच राहिले, कारण हा तिथेच साड्यांच्या गठ्ठ्यावर आडवा झाला तो जेवायच्या वेळेपर्यंत उठला नाही. त्याला धरून खाली आणायला तेच दोघे लागले. दोघांपैकी वयाने मोठा मला म्हणाला, "मालक, परत बीम आला तर आमीच चढवू. बीम निदान खाली उतरवावा लागत न्हाय."

भांडणाचंही तेच. एकदा कोल्हापूरच्या बसमध्ये कंडक्टरशी त्याची जुंपली. कारण काय होतं ते आता दोघांनाही आठवणार नाही. याने आवाज असा लावला की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. कंडक्टरच्या सात पिढ्यांपैकी पहिल्या दोन घेऊन झाल्या आणि तिसरीच्या आजोबांपाशी याचा श्वास संपला. तोंड उघडं, बोट वर, शब्द नाही. मी शेजारीच होतो, मला लाजेने खाली बघावंसं वाटलं. पण कंडक्टर भला माणूस. त्याने याला खिडकीपाशी बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाला, "दम खावा पैलवान, मग भांडू. निपाणी यायला टाइम हाय." निपाणी येईपर्यंत दोघे एकमेकांना आपापल्या गुडघेदुखीची माहिती देत होते.

त्याचे कोच हुबळीकडचे. बारीक चणीचे, शांत, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारे. त्यांच्या तोंडी एकच शब्द, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. हा शब्द त्यांनी याच्या कानात इतक्यांदा ओतला की आमच्या घरातली कामाची बाई मिक्सर लावतानासुद्धा तो म्हणायला लागली. याच्यावर काही परिणाम नाही. कोचनी सांगितलं, रोज सकाळी शेजारच्या येळ्ळूर गावापर्यंत पळत जा आणि पळत ये. हा पहाटे उठून, बूट बांधून, मोबाईल कंपाउंडवर टेकवून असा सुसाट सुटायचा की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा आदराने बाजूला व्हायची. ते सुटणं मोबाईलमध्ये यायचं, लोक त्याला अंगठे दाखवायचे, खाली 'वाघ' असं लिहायचे. वाघ पहिल्या वळणाच्या पलीकडे डेअरीच्या कट्ट्यावर बसलेला असायचा. तिथून येळ्ळूरकडून येणाऱ्या एखाद्या दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, दोन कॅनच्या मध्ये बसून परत. घरी शिरण्याआधी नळाखाली डोकं धरायचा म्हणजे घाम दिसावा. मी एकदा विचारलं, "घामाला दुधाचा वास कसा काय येतो रे?" तर न डगमगता म्हणाला, "दाजी, एक सांगा. पिंजऱ्यात पळून जायला जागा हाय काय? दाराला भाईरनं कडी घालत्यात. मग पळायची प्रॅक्टिस कशाला?" या प्रश्नाचं उत्तर कोचकडे होतं, पण तो त्यांना कधी विचारत नसे.

उत्तर त्याला दर लढतीत मिळायचं. पहिल्या मिनिटात हा वळवाच्या पावसासारखा कोसळायचा, पब्लिक उभं राहायचं, शिट्ट्या व्हायच्या. दुसऱ्या मिनिटात हात खाली, तोंड उघडं. पुढेपुढे ही गोष्ट सगळ्यांना कळली. गोव्याहून आलेला एक सडपातळ मुलगा, पिंजऱ्यात शिरताना चष्मा काढून आईकडे देणारा, त्याने तर याला मारलंच नाही म्हणा ना. तो पहिली फेरी नुसता जाळीच्या कडेकडेने चालत राहिला, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. हा त्याच्या मागे. दुसऱ्या फेरीत त्याने याला हलकंसं ढकललं आणि हा उशी शोधणाऱ्या माणसाच्या समाधानाने खाली पडला. बाहेर आल्यावर म्हणाला, "दमलो न्हवतो तोवर एक मिनिट त्यो माझ्या हाताला लागला असता ना दाजी, तर संपला होता." हे खरंच होतं. त्याच्या सगळ्या लढतींबद्दल हे खरं होतं.

मी इतका हसतो आहे, पण एका गोष्टीला मी कधी हसलो नाही. ती म्हणजे त्याचे वडील. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही. आप्पा जुने पैलवान, निपाणीच्या तालमीचे वस्ताद. पोराने मातीत नाव काढावं ही त्यांची इच्छा. पोरगं जाळीत गेलं त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी या विषयावर बोलणं टाकलं. "कोंबड्या झुंजवत्यात जाळीत. मानसं न्हाय," एवढंच एकदा म्हणाले. बाकी जेवलास का, आलास का, सगळं बोलणं चालू. पण खेळाचं चकार शब्दाने नाही. आणि हा, ज्याच्या पोटात एक गोष्ट मिनिटभर टिकत नाही, हा त्या एका गोष्टीबद्दल कधी बोलायचा नाही. दर लढतीच्या आधी फक्त आमच्या हिला विचारायचा, "आक्का, आप्पा येणार हायत काय?" ती म्हणायची, बघू. मग तो मान डोलवून ग्लोव्हज शोधायला जायचा.

गेल्या वर्षी कोचनी स्पष्टच सांगितलं की ही शेवटची संधी, या वेळी दम टिकला नाही तर पुढे तुझं नाव देणार नाही. हिने निपाणीला जाऊन आप्पांपुढे डोळ्यांतून पाणी काढलं. "एकदा या. एकदाच. जिंकला तर तुमच्यासमोर जिंकू द्या." आप्पा हो म्हणाले नाहीत, पण त्यांनी कपाटातलं इस्त्रीचं धोतर काढलं, त्यावरून आम्ही समजलो.

मग आमच्या घरात सावकाशीचं शिक्षण सुरू झालं. ही त्याला सबंध भाकरी वाढीना, चतकोर वाढायची, ती संपल्यावर घड्याळ बघून पुढची. पाणी घोटाघोटाने. मी त्याला मागाशेजारी बसवून सांगायचो, बघ, हा सकाळी ज्या चालीनं लागतो त्याच चालीनं संध्याकाळी थांबतो. तो बिचारा खरंच बघत बसायचा. आणि आश्चर्य म्हणजे तो पळायलाही लागला. डेअरीवाल्याने मला थांबवून विचारलं, "पैलवान आजारी हायत काय? हल्ली बसायला येत न्हाईत." कोचचा बेत साधा होता. पहिली फेरी काही करायचं नाही. नुसतं फिरायचं. धरायचं नाही, उचलायचं नाही.

लढत एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवसाच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं स्टेजवर तशीच होती, त्यामुळे पिंजऱ्याच्या वर 'शुभविवाह' असं लिहिलेलं दिसत होतं. समोर धारवाडचा एक तरुण. आप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, दोन्ही हात काठीवर. घंटा झाली आणि आमचा मेव्हणा फिरायला लागला. खरोखर, नुसता फिरायला लागला. श्वास नाकाने, हात वर, पाऊल हलकं. कोच "निधान, निधान" म्हणत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा सुख पाहिलं. त्यांनी मला अंगठाही दाखवला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "आरं धर की! बघत काय बसलायस? पट काढ त्याचा, पट!"

आप्पांचा आवाज. तालमीतला, खड्या गळ्याचा. चार वर्षांत पहिल्यांदा ते त्याला खेळाबद्दल काही म्हणत होते. मी मेव्हण्याकडे पाहिलं आणि मला कळलं की कोचचा बेत, हिची चतकोर भाकरी, माझा माग, सगळं वाया गेलं. तो खाली वाकला, त्या तरुणाचा पाय धरला, त्याला छातीपर्यंत उचलला आणि असा आपटला की पिंजरा हलला. दोन्ही खांदे चटईला टेकलेले. आप्पा काठी टाकून उभे राहिले, दोन्ही हात वर. "चीत! चीत झाला! निकाल!" त्यांनी टोपी हवेत उडवली.

मातीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट हाडात शिकवलेली असते. पाठ टेकली की कुस्ती संपली, आणि संपल्यावर पडलेल्याच्या अंगावर राहायचं नाही. मेव्हणा उठला. शड्डू ठोकला. वळला, जाळीपाशी आला आणि आप्पांना हात जोडून नमस्कार केला. या खेळात पाठ टेकण्याला कवडीची किंमत नाही, हे त्याला चार वर्षं कोचनी शिकवलं होतं. त्या क्षणी त्याला ते आठवलं नाही, कारण वस्तादाने निकाल दिला होता. पंचांनी दिला नव्हता. मागे तो धारवाडचा तरुण कमरेवर हात ठेवून उठत होता.

पुढचं सांगण्यासारखं नाही. उठला तेव्हा अंगात दम शिल्लक होता, पण तो पहिली फेरी संपेपर्यंत गेला. दुसऱ्या फेरीत तो पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तोंड उघडून उभा होता आणि ठोसे खात होता. तिसऱ्या फेरीत जाळीला टेकून. पण पडला नाही, हे मात्र मी सांगेन. आधीच्या प्रत्येक लढतीत दम संपला की तो आनंदाने पडायचा. या वेळी पडला नाही, कारण समोर कोण बसलंय ते त्याला दिसत होतं. निकाल अर्थातच त्या तरुणाच्या बाजूने लागला. आप्पा पंचांच्या टेबलापाशी जाऊन भांडत होते, "पैल्याच फेरीत पाठ टेकली की वो! झोपला होता काय?" त्यांना तिथून हलवायला आम्हा दोघांना बरीच खटपट करावी लागली.

कोचनी विचारलं, त्याला खाली पाडल्यावर तू उठलास कशाला? हा ओठावर बर्फ धरून म्हणाला, "दम संपला, सर. सकाळी पळायला गेलोच न्हाय म्हणून." मित्रांनी विचारलं, त्यांनाही तेच. कोच मान हलवून निघून गेले, आणि त्याचं नाव पुन्हा कधी दिलं गेलं नाही. मी त्याला गाडीत एकटा गाठून म्हटलं, "खोटं का बोलतोस? उठलास तेव्हा दम होता तुझ्यात. तू आप्पांच्या आवाजावर धरलंस आणि आप्पांच्या आवाजावरच उठलास." त्याने मागे वळून पाहिलं. आप्पा हिच्याबरोबर हळूहळू गाडीकडे येत होते. "दाजी," तो म्हणाला, "हे हितंच ऱ्हाऊ द्या. आप्पांच्या कानावर घालायचं न्हाय. आक्काला पण न्हाय." मग बर्फ काढून, सुजलेल्या ओठांनी हसत म्हणाला, "पर काय वरडले ओ आप्पा! आयकलंसा न्हवं?"

आता तो निपाणीतच असतो, वखारीत कामाला. आमच्या घरात उजेड भरपूर आहे आणि भाकऱ्या उरतात. मला ते आवडत नाही. सणाला आम्ही जातो तेव्हा आप्पा वखारीपुढच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ती कुस्ती सांगत असतात. बेळगावच्या पंचांनी डोळ्यांदेखत अन्याय केला, आमच्या पोरानं धारवाडच्या गड्याला पैल्या फेरीत चीत केलता, असं. ऐकणाऱ्यांत कुणी तरी पोरगं हसून म्हणतं की आप्पा, त्या खेळात चीत नसतं. मग आप्पा आत हाक मारतात, "व्हय का न्हाय रं? चीत केलतास का न्हाय?"

तो दारात येतो. त्याला एका वाक्यात सगळं सांगता येईल, आणि सांगितलं तर कोचच्या, मित्रांच्या, अख्ख्या निपाणीच्या नजरेत तो दम नसलेला माणूस उरणार नाही. मी दर वेळी त्याच्या तोंडाकडे बघतो.

"व्हय, आप्पा," तो म्हणतो, आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला जातो.