फेलिसिटसली म्हणणारे काका

तेलंगणात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या बेल्याच्या मंडल म्हणजे तालुका कचेरीबाहेर एक काका लोकांचे अर्ज लिहून देतात. लोक गाऱ्हाणं मराठीत सांगतात, काका ते तेलुगूत लिहितात आणि मग मराठीत वाचून दाखवतात. मौजे, दरखास्त, मेहेरबान असे शब्द पेरलेला कागद वाचून झाला, की पेनाला टोपण लावत स्वतःच म्हणतात, "फेलिसिटसली!"

हा शब्द त्यांना कुठे सापडला, ते सांगत नाहीत. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, तरी मला डिक्शनरी काढावी लागली. अर्थ निघाला, नेमक्या आणि कानाला गोड लागणाऱ्या शब्दांत. म्हणजे स्वतःच्याच अर्जाला दाद! मला हसू आलं होतं.

परवा मी तिथेच उभा असताना एक म्हातारी आली. "दादा, बस आमच्या फाट्यावर येते, आमाले पाह्यते अन् निंगून जाते. नात शाळेत कशी जाईन?"

काकांनी पानभर लिहिलं. "मेहेरबान साहेबांच्या खिदमतीत..." असं वाचता वाचता मध्येच थांबले आणि कागद फाडला.

"माय, अजून एकडाव सांग."

या खेपेला तिचं बोलणं त्यांनी तेलुगूत जसंच्या तसं उतरवलं. दोनच ओळी झाल्या. टोपण लावून ते चक्क खुर्चीवरून उठले आणि तिच्यापुढे हात जोडून हळूच म्हणाले, "फेलिसिटसली."

म्हातारीनं कागदाची घडी केली. "आता थांबन ना दादा बस?"