गोमुखापासून परतताना

असे काही लिहिण्याचा मला अधिकार आहे का, ही शंका अजून गेलेली नाही. आयुष्य वकिलीत गेले. अर्ज आणि कैफियती पुष्कळ लिहिल्या. स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याचे धाडस मात्र आता, साठी उलटल्यावर, प्रथमच करतो आहे. देवाधर्माचे म्हणावे तर ते खाते घरात पत्नीकडे होते. मी नमस्कारापुरता.

दिलसुखनगरच्या चौकात स्कूटरवरून पडलो आणि मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, बोलणे-चालणेही परतले. परंतु जगाची डावी बाजू नाहीशी झाली. डोळ्यांत दोष नव्हता. डावीकडे काही असते, याची दखल घ्यायलाच मेंदू विसरला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. याहून विचित्र म्हणजे, आपले काही हरवले आहे हेही मला उमगत नसे. अर्धीच दाढी करून मी समाधानाने बाहेर येई. जेवताना भाजी-आमटी संपवी आणि सगळे अळणी आहे अशी तक्रार करी. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी ताटात डावीकडे वाढतात ना!

"अहो, मीठ काही निझामाने नेलं नाही. तिथंच आहे," असे म्हणून पत्नी ताट फिरवून देई. ती हसत असे, पण तिच्या हसण्यातला थकवा मला ऐकू येई. मला दिसावी म्हणून ती घरात, रस्त्यात, सदैव माझ्या उजवीकडे राही. एकट्याने बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण डावीकडून येणारे वाहन माझ्या लेखी अस्तित्वातच नव्हते. ज्याने चाळीस वर्षे कोर्टात माणसे उभी केली, त्याला चिक्कडपल्लीतल्या आमच्या गल्लीतून देवळापर्यंत एकट्याने जाऊन यायचे होते. एवढीच महत्त्वाकांक्षा उरली होती.

शनिवारी पत्नी मला मारुतीला नेऊ लागली. तेथे एक आश्चर्य घडले. निजायच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाताना वाट चुकणारा मी, प्रदक्षिणा घालून बिनचूक देवासमोर येत असे. प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला असतो. पावलेही उजवीकडेच वळत जातात. हे ध्यानात आले तेव्हा अंगावर काटा उभा राहिला. कुणी, कोणत्या काळी ही दिशा ठरवली कोण जाणे. तीत माझ्यासारख्या अर्ध्या जगाच्या माणसालाही जागा राहिली होती.

पत्नीचाही धीर वाढला. कार्तिकातल्या एका सोमवारी, संध्याकाळी, आम्ही शंकराच्या देवळात गेलो. कार्तिकात तेलुगू बायका देवळाचे अंगण दिव्यांनी भरून टाकतात. वातींचा आणि तेल-तुपाचा वास दारापर्यंत येत होता.

"मी नंदीपाशी वाती लावत बसते," पत्नी म्हणाली. "तुम्ही एकटे प्रदक्षिणा घालून या. नीट आलात, तर पुढच्या सोमवारी घरून एकटे यायचं. कबूल?"

"हौ," मी म्हणालो.

"आणि वाटेत कुणाशी वकिली नक्को!"

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. शंकराची प्रदक्षिणा पुरी नसते. अभिषेकाचे पाणी ज्या गोमुखातून बाहेर पडते, ते ओलांडायचे नसते; तेथून मागे फिरून आल्या वाटेने परतायचे असते. मी गोमुखापर्यंत नीट गेलो, हात जोडले, मागे वळलो, आणि देव नाहीसा झाला. आता तो डावीकडे होता. गाभाऱ्याची भिंत नाही, दिवे नाहीत, घंटानादही कोठून येतो ते कळेना. उजवीकडे आवाराची भिंत तेवढी दिसत होती. तिच्या कडेकडेने मी निघालो. त्या भिंतीला बाजूचे एक फाटक होते. मी त्यातून रस्त्यावर उतरू लागलो, आणि आपण चुकलो आहोत अशी पुसटशी शंकाही मनात नव्हती.

"अय्या! अटु कादु!"

माझा डावा हात कुणीतरी घट्ट धरला. तेलाने माखलेला, ऊबदार, म्हाताऱ्या बाईचा हात. त्याच क्षणी, जेथे माझ्या मते काहीच नव्हते, त्या बाजूने एक रिक्षा अंगाला वारा लावून गेली.

"तिकडे नाही, बाबा," आवाज तेलुगूत, अगदी संथपणे म्हणाला. "देवुडु इटु उन्नाडु." देव या बाजूला आहे.

तिने मला फाटकाच्या आत घेतले. हात मात्र सोडला नाही. तो हलकेच डावीकडे ओढत राहिली. त्या ओढीमागे मी मान वळवली. वळवतच राहिलो. आणि अंधारातून एक दिवा आला. मग दुसरा. मग भिंतीच्या कडेची अख्खी ओळ, दगडी जोते, गाभारा, वरचे शिखर. अपघातानंतर प्रथमच मी डावीकडे पाहत होतो. इतका उजेड तेथे सर्व वेळ जळत होता! मी रडलो. भानावर येऊन पाहिले तेव्हा हात सुटला होता. त्या बाईचा चेहरा मी पाहिलाच नाही. अंगणात तेलाच्या हातांच्या अनेक म्हाताऱ्या होत्या; कुणाला विचारावे? तिला कसे कळले, ती तेथे कशी होती, याचा उलटतपास मी केला नाही.

नंदीपाशी परतून पत्नीला सर्व सांगितले. तिने हातातली वात लावून संपवली. मग उठली आणि प्रथमच माझ्या डावीकडे येऊन उभी राहिली. "आजपासून मी इकडूनच चालेन," ती म्हणाली. "शोधा मला."

एकट्याने देवळात जाण्यास पुढे कित्येक महिने लागले. आज जातो. डावी बाजू अजूनही आपणहून दिसत नाही. दर वेळी मान वळवावी लागते. रस्ता ओलांडताना, ताटावर बसताना, गोमुखापाशी. तेथे मी थांबतो, तो तेलकट हात आठवतो आणि गाभाऱ्याचा पहिला दगड दिसेपर्यंत वळत राहतो. कधी तो लवकर दिसतो, कधी उशिरा. पण दिसत नाही तोवरही तो तेथे आहे, एवढे मी आता निमूटपणे मान्य केले आहे. ज्या हाताचा चेहरा मला ठाऊक नाही, त्याला माझा डाव्या बाजूचा नमस्कार.