मसाटच्या टाकीतली हवा

किस्से ठरवून कुणी जमवत नाही. जुना सोबती भेटतो, चहा येतो आणि एकातून दुसरा निघत जातो. मसाटच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यातले माझे सगळे किस्से मात्र कसे कोण जाणे, हवेचेच निघतात! नव्वदच्या आसपास मी तिथे फिटर होतो.

*

कॉम्प्रेसरच्या हवेने आम्ही अंगावरचा सुताचा भुगा उडवायचो, धुतलेले डबे वाळवायचो, केससुद्धा बसवायचो. पुण्याहून नवे आलेले इंजिनिअर कुलकर्णी साहेब वैतागले. त्यांनी बोर्ड लावला, ‘हवा फक्त मशीनसाठी’. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत. आठवड्याभरात साहेब पावसात चिंब भिजून आले. पाहतो तर बोर्डाखालीच उभे, दोन्ही हात वर, आणि मला म्हणतात, "पाठीकडून मार रे जरा."

*

रंगाचं घाण पाणी एका मोठ्या टाकीत जायचं. ब्लोअर त्यात खालून हवा सोडायचा. त्या हवेवर जिवाणू जगायचे आणि घाण खायचे. ब्लोअर सांभाळायला अमळनेरकडचे सुकदेवभाऊ. रविवारी कारखाना बंद, तरी हे हजर. सुट्टी का घेत नाही, विचारलं तर म्हणाले, "सुट्टी आपले शे, त्यासले नई." म्हणजे सुट्टी आपल्याला, टाकीतल्या जिवाणूंना नाही.

दिवाळीत घाण पाणी येत नाही, म्हणून साहेबांनी जिवाणूंसाठी गूळ टाकायला सांगितला. भाऊंनी गूळ टाकलाच, शिवाय घरचे दोन अनारसे. फराळाचा पहिला मान जिवाणूंचा! अशी माणसं होती.

*

शेवटच्या टाकीत साफ झालेलं पाणी आणि त्यात जवळच्या दुधनीच्या तलावातून आणलेले मासे. मासे जिवंत, म्हणजे पाणी चांगलं. एकदा नेमकी प्रदूषण खात्याच्या तपासणीच्या दिवशी लाइट गेली आणि जनरेटरही बसला. हवा बंद. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. ते मेले असते तर कारखान्याला टाळं आणि आम्ही ऐंशी जण घरी.

सुकदेवभाऊंनी सायकल स्टँडवरचे सगळे पंप मागवले. टाकीच्या कठड्यावर ओळीने बसून, नळ्या पाण्यात सोडून आम्ही हवा मारत सुटलो. तेवढ्यात तपासणीचे साहेब येऊन मागे उभे राहिले. कुलकर्णी साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊंना वाटलं, आपल्यातलाच कुणी. मान वर न करता ते त्याला म्हणाले, "उभा काय शे? पंप ले!"

त्या साहेबांनी हातातली फाइल कुलकर्णी साहेबांकडे दिली, बाह्या सरसावल्या आणि बसले. पाऊण तास.

एकही मासा मेला नाही. लाइट आल्यावर त्यांनी सही करायला फाइल मागितली.

"थांबा जरा," कुलकर्णी साहेब म्हणाले. घामाघूम झालेल्या सुकदेवभाऊंना ते त्याच फाइलने वारा घालत होते.