मॅडमच्या पेशींची शेवटची नळी

फ्रीजरमधला बर्फ आणि लॅबमधले किस्से, वेळच्या वेळी खरवडले नाहीत की साचतच जातात. पुण्यातल्या आमच्या लॅबमधले निम्मे किस्से शुभदा मॅडमचे. त्या आमच्या गाईड. मागच्या हिवाळ्यात त्या आजारपणात गेल्या. फार आठवण येते हो!

*

मॅडम एका प्रथिनाच्या मागे लागल्या होत्या. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात ते असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशीत ते कमी पडलं, की पेशी नुसतीच भडकते, सूज वाढवते आणि जंतू मात्र जिवंत!

एका पाहुण्यांनी विचारलं, "जरा सोपं करून सांगाल?"

"सोसायटीची मीटिंग पाहिलीय? आरडाओरडा भरपूर, टाकी गळतेय ती गळतेच!"

*

प्रयोगासाठी रीतसर सह्या करून आम्हीच आळीपाळीने रक्त द्यायचो. उरलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायच्या. पहिल्याच दिवशी सुई पाहून केदारला घेरी आली.

"अहो केदार, आपण पीएचडीला आलात की शहीद व्हायला?" म्हणत मॅडमनी स्वतःची बाही वर केली.

त्यांच्या पेशी जंतूंचा असा फडशा पाडायच्या, की बस! मॅडम म्हणाल्या, "पुणेरी आहेत. आगंतुक खपत नाहीत त्यांना."

*

लॅबमध्ये चहाला सक्त बंदी. तरी आम्ही कॉम्प्युटरपाशी प्यायचोच. दाराजवळचा कुजबुजायचा, "मॅडम आल्यात!" की सगळे कप पाठीमागे.

मॅडम शांतपणे हुंगायच्या. "कॉम्प्युटरला वेलचीचा वास येतोय. दुरुस्तीला टाका."

*

हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटायला गेलो, तर आमचेच डोळे भरून आले.

"रडताय काय? पेशींच्या इन्क्युबेटरमधलं पाणी बघितलं का आज?"

कुणीच बघितलं नव्हतं!

निघताना म्हणाल्या, "माझ्या पेशींची एक नळी उरलीय. वापरा. मुरायला ठेवलेलं लोणचं नाहीये ते."

*

त्या गेल्यावर त्या नळीला हात लावायची कुणाची छाती होईना. ती संपली की मॅडम संपल्या, असंच वाटायचं. पण मुद्दाम कमी केलेलं ते प्रथिन परत वाढवलं तर पेशी पुन्हा जंतू मारतात का, हे त्यांच्याच पेशींवर पाहायचं राहिलं होतं. अखेर केदारनेच नळी बाहेर काढली.

आठवड्याने आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती जमलो. आता बंदी घालणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या हातात चहा. पडद्यावर पेशी हलत होत्या. एकीने पुढे सरकून जंतू गिळला. मग दुसरीने.

केदार हळूच म्हणाला, "मॅडम आल्यात!"

सगळ्यांचे कप पाठीमागे गेले.