पेशंटला विचारलं का?

बायको नर्स असली, की घरात भांड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात! मी शाळामास्तर, ती नाशिकच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डावर. सगळे तिला ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही. ती गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण आणखी एक किस्सा ठेवून जातो.

*

पेठकडची एक तरुण शेतकरीण पाय सडून आलेली. मोठे डॉक्टर, सासरा आणि नवरा, तिघांचं खाटेशेजारीच ठरलं: पाय कापायचा.

“पेशंटला विचारलं का?” बाईने विचारलं.

डॉक्टर भडकले. “सिस्टर, कापणार मी!”

“पण पाय तिचा आहे, साहेब!”

शेतकरीण ताडकन उठून बसली. “कापा! पन माह्याकडं बघून बोला की!”

त्या दिवसापासून डॉक्टरांनी बाईचं नावच पाडलं: ‘विचारलं का?’

*

एका शेठजींनी वॉर्डाला खाटा दिल्या. त्या दाखवायला ते मित्रांना घेऊन आले. एका खाटेवर मोमीन विणकराच्या म्हाताऱ्या आईचं ड्रेसिंग चाललं होतं. शेठजी पडदा सारू लागले. बाईने तो आतून घट्ट धरून ठेवला!

“अहो, ही खाट मी दिलीय!”

“खाट उद्या बघा. आत्ता तिच्यावर माणूस आहे!”

*

आमच्या आळीतल्या एक सासूबाई चहाला आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, “मास्तर, आमच्या सुनेला नक्की झालंय काय हो? बाई काही सांगत नाहीत.”

“मलाही सांगत नाही!”

“अगंबाई! मग तुम्ही दोघं बोलता तरी काय?”

*

एकदा मला ताप आला. बाई काढा घेऊन उभी. “घेणार का?”

“नको!”

“बरं. का नको, ते सांगा.”

सांगता सांगता दमलो, आणि दोन वाट्या प्यालो!

*

मग बाईच आजारी पडली. तिच्याच वॉर्डात, गोदावरीकडे, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गंगेकडे, उघडणाऱ्या खिडकीजवळच्या खाटेवर. मुंबईला नेऊनही फारसा उपयोग नाही, असं मोठे डॉक्टर बोलून चुकले होते. तरी व्हरांड्यात आमची सभा भरली. तिचा भाऊ म्हणे मुंबईला न्या, माझा भाऊ म्हणे घरी न्या. मी दोघांनाही हो म्हणत होतो.

डॉक्टर एकदम ओरडले, “अरे, पेशंटला विचारलं का?”

सगळे आत धावलो. बाईला दम लागत होता, तरी हसली. “साहेब, शिकलात की!”

मग म्हणाली, “कुठं जायचं नाही मला. गंगेकडची खिडकी उघडा, आणि सगळे बाहेर व्हा.”

खिडकी उघडून मीही निघालो.

“मास्तर, तुम्हाला कुणी जा म्हटलं?”